बॅरी मार्शल यांचे शोधनिबंध कसे वाचायचे: जठरातल्या जिवाणूची नोंद, तारखेनुसार

हेलिकोबॅक्टर पायलोरीची गोष्ट बहुतेकांना दोन वाक्यांत ठाऊक असते: ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल या डॉक्टरनं जठरातला हा जिवाणू पिऊन स्वतःला अल्सर करून घेतला, अँटिबायोटिकनं तो बरा केला आणि २००५ चं नोबेल मिळवलं. यातलं नोबेल खरं आहे, तेही पर्थचे पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांच्याबरोबर विभागून मिळालेलं. अल्सर मात्र झालाच नव्हता. मूळ निबंध जेमतेम चार पानांचा आहे आणि त्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पण तो उघडून बघायचे कष्ट कुणी घेत नाही.

मायक्रोबायोलॉजी किंवा वैद्यकाचे विद्यार्थी आणि आरोग्यावर लिहिणारी मंडळी यांच्यासाठी ही पद्धत आहे. एका शास्त्रज्ञाचं काम तारखेनं लावायचं आणि प्रत्येक निबंधासमोर दोन गोष्टी टिपायच्या: त्यानं काय दाखवलं आणि काय दाखवलं नाही. दुसरी गोष्ट टिपली नाही तर पहिलीला फारसा अर्थ उरत नाही.

यादी काढताना

पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत लेखकाच्या रकान्यात आडनाव आणि आद्याक्षरं टाका, मध्ये टिंब नको. मार्शल हे आडनाव पुष्कळांचं आहे, त्यामुळे यादीत पहिल्यांदा परकी माणसं घुसतात. ती गाळायला संस्थेचं नाव उपयोगी पडतं: रॉयल पर्थ हॉस्पिटल, फ्रीमँटल हॉस्पिटल, १९८६ नंतर अमेरिकेतलं व्हर्जिनिया विद्यापीठ, पुढे वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठ. जुन्या नोंदींत संस्थेचं नाव कधी कधी नसतंच. तिथे सहलेखक बघा. वॉरन, गुडविन, आर्मस्ट्राँग, मॅकगेची यांपैकी कुणी असेल तर नोंद बहुधा आपलीच.

सगळ्यात मोठी चूक मात्र विषयाच्या शब्दात होते. 'हेलिकोबॅक्टर' टाकून शोधलं तर पाया घालणारी पहिली सहा वर्षं हातातून जातात, कारण हे नाव १९८९ मध्ये आलं. १९८३ मध्ये हा जिवाणू 'अनोळखी वक्र बॅसिलाय' होता. मग 'पायलोरिक कॅम्पिलोबॅक्टर', मग 'कॅम्पिलोबॅक्टर पायलोरिडिस', १९८७ मध्ये व्याकरण सुधारून 'कॅम्पिलोबॅक्टर पायलोरी' आणि शेवटी स्टुअर्ट गुडविन व सहकाऱ्यांनी त्याला हेलिकोबॅक्टर या स्वतंत्र प्रजातीत (जीनसमध्ये) हलवलं. तेव्हा हे सगळे शब्द 'किंवा' जोडून एकाच शोधात घाला आणि वर्षांची मर्यादा १९८३ ते १९९५ ठेवा.

तिसरा खड्डा पत्रांचा. १९८३ च्या जूनमध्ये 'लॅन्सेट'मध्ये वॉरन आणि मार्शल यांची दोन वेगवेगळी पत्रं एकाच मथळ्याखाली छापली गेली. पत्राला सारांश नसतो, म्हणून सारांशातल्या शब्दांवर चालणारा शोध ती सोडून देतो. मथळ्यातल्या शब्दांनी वेगळा शोध घ्या. आद्याक्षरंही जुन्या पत्रांत कमी-जास्त असतात, तेव्हा एका आद्याक्षरानंही शोधून पाहा.

यादी हाती आली की ती सर्वांत जुनी आधी अशी लावा. गूगल स्कॉलर उद्धरणांच्या संख्येनं लावून देतं, त्याचा इथे उपयोग नाही. आढावा-लेख वर तरंगतात आणि दीड पानाचं महत्त्वाचं पत्र तळाला जातं. एच-इंडेक्स, म्हणजे उद्धरणांवरून काढलेला शास्त्रज्ञाचा आकडा, तर बघूच नका. १९८४ पर्यंत मार्शल यांचा तो आकडा नगण्य होता आणि मुख्य शोध तोवर लागून गेला होता.

नोंदवहीचे रकाने

एक साधी स्प्रेडशीट पुरते. रकाने असे: छापल्याची तारीख, निबंधाचा प्रकार (पत्र, रुग्णांची मालिका, प्रयोग, चाचणी, आढावा), किती माणसं, ती कुठून आली, जिवाणू कशानं ओळखला, तुलना कुणाशी, मुख्य आकडा, काय सिद्ध झालं नाही, आणि शेवटचा रकाना: हे दुसऱ्या कुणी, दुसऱ्या गावात करून पाहिलं का. आढावा-लेखांची वेगळी पाटी करा, त्यांतून आकडे उचलू नका.

पहिल्या ओळी मात्र शास्त्रज्ञाच्या नावानं भरू नका. आधीचे लोक कुठे अडले ते लिहा. कुत्र्यांच्या जठरात सर्पिल जिवाणू इटलीच्या बिझोझेरोनं १८९३ मध्येच नोंदवले होते. १९४० मध्ये बॉस्टनला फ्रीडबर्ग आणि बॅरन यांना शस्त्रक्रियेत काढलेल्या माणसाच्या जठरांत ते दिसले. मग १९५४ मध्ये एडी पामर यांनी हजाराहून जास्त बायोप्सी, म्हणजे जठरातून काढलेले तुकडे, तपासून 'काही नाही' असं सांगितलं आणि विषय मिटला. पामर यांनी नेहमीचा हेमॅटॉक्सिलिन-इओसिन रंग वापरला होता. त्यात हा जिवाणू श्लेष्माच्या पार्श्वभूमीवर फिका पडतो. वॉरन यांनी १९७९ मध्ये वॉर्थिन-स्टारी हा चांदीचा रंग वापरला, त्यात तो काळा कुळकुळीत उठून दिसतो. १९७५ मध्ये इंग्लंडात स्टीअर आणि कॉलिन-जोन्स यांनाही जठरात जिवाणू दिसले, पण कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवल्यावर, आला तो स्यूडोमोनास हा दुसराच जिवाणू, म्हणजे बहुधा बाहेरून आलेली घाण.

या ओळींमुळे 'जिवाणू कशानं ओळखला' हा रकाना का हवा ते लक्षात येईल. नकारात्मक निकाल वाचताना पहिला प्रश्न रंगाचा विचारायचा, दुसरा कल्चरच्या दिवसांचा.

१९८४: ५८ आणि ११

१६ जून १९८४ चा 'लॅन्सेट'मधला निबंध हा या वहीचा कणा. रॉयल पर्थमध्ये गॅस्ट्रोस्कोपीसाठी आलेले लागोपाठचे १०० रुग्ण, प्रत्येकाच्या जठराच्या खालच्या भागातून, म्हणजे अँट्रममधून, जखम नसलेल्या जागेचे तुकडे. सूक्ष्मदर्शकाखाली ५८ जणांत जिवाणू दिसले, कल्चर ११ जणांचं उगवलं. ड्युओडेनल अल्सरचे, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीला जखम असलेले, १३ रुग्ण होते आणि तेराच्या तेरा जणांत जिवाणू होता.

नवखा वाचक ११ वर अडतो: मग सत्तेचाळीस जणांचं काय? उत्तर कल्चरच्या पद्धतीत आहे. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत शौचाची किंवा घशाची प्लेट दोन दिवस बघून फेकायची रीत असते, कारण तिथले जिवाणू तेवढ्यात उगवतात आणि पुढे नुसती मिश्र वाढ माजते. जठराच्या प्लेटांनाही तोच नियम लागला आणि पहिल्या तीस-पस्तीस रिकाम्याच गेल्या. १९८२ च्या ईस्टरची लांब सुट्टी आली, प्लेटा इन्क्युबेटरमध्ये तशाच राहिल्या आणि परतल्यावर त्यांवर बारीक, पारदर्शक वसाहती दिसल्या. म्हणजे ११ हा आकडा जिवाणूचा नाही, उशिरा सुधारलेल्या पद्धतीचा आहे. वहीत तो तसाच लिहा.

पुढच्या कुठल्याही कल्चर-निबंधात 'साहित्य आणि पद्धती'मध्ये हे शोधा. प्लेट किमान पाच ते सात दिवस ठेवली होती का. ब्लड किंवा चॉकलेट अगार, ३५ ते ३७ अंश, दमट हवा, आणि ऑक्सिजन सुमारे ५ टक्के, कार्बन डायऑक्साइड सुमारे १० टक्के असं वातावरण होतं का. साध्या हवेत हा जिवाणू उगवत नाही, पूर्ण ऑक्सिजनविरहित डब्यातही नाही. तुकडा प्रयोगशाळेत कसा पोचला: कोरड्या गॉजवर टेबलावर राहिला तर जिवाणू मरतो, ट्रान्सपोर्ट माध्यमात ४ अंशांवर ठेवला तर साधारण एक दिवस तग धरतो. आणि रुग्ण ओमेप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या घेत होता का. या गोळ्यांनी जिवाणूंची संख्या घटते आणि ते अँट्रममधून वरच्या भागाकडे सरकतात. तेव्हा नुसत्या अँट्रमच्या तुकड्यावरचा 'नाही' धरता येत नाही. यांतलं काहीच निबंधात लिहिलेलं नसेल तर त्यातल्या नकारात्मक आकड्यापुढे प्रश्नचिन्ह टाका.

आता 'काय सिद्ध झालं नाही' हा रकाना. हे शंभर जण पोटाच्या तक्रारीमुळे दुर्बीण घालायला आलेले होते, म्हणून ५८ टक्के हा पर्थ शहरातल्या लागणीचा आकडा नव्हे. शिवाय जिवाणू आणि अल्सर एकत्र सापडले, एवढंच दिसलं. ॲसिडनं सोललेल्या जागेवर जिवाणू नंतर येऊन बसले असतील, ही त्या वेळची शंका या निबंधानं मिटत नाही. तुकडे जखमेपासून दूरचे होते, म्हणून ती थोडी कमजोर होते इतकंच. लेखकांनीही सारांशात 'कारणांपैकी एक महत्त्वाचा घटक असू शकेल' असंच लिहिलं आहे. पुढे सगळ्या लेखांतून ते 'असू शकेल' गळून पडलं.

१९८५: प्यायला तो निबंध

'मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया', १५ एप्रिल १९८५. मथळ्यातच 'प्रयत्न' हा शब्द आहे: कॉख यांच्या अटी (अमुक जंतूनंच अमुक रोग होतो हे ठरवायच्या कसोट्या) पुऱ्या करण्याचा प्रयत्न. सारांशात मार्शल यांचं नाव नाही, 'एक स्वयंसेवक' एवढंच. आधी दुर्बिणीनं त्याचं जठर निरोगी असल्याची खात्री केली, मग जिवाणू तोंडावाटे दिले. सौम्य आजार झाला, तो १४ दिवस चालला. दहाव्या दिवशीच्या बायोप्सीत जठराची सूज होती आणि चौदाव्या दिवसापर्यंत ती बरीचशी आपोआप ओसरली होती.

वहीत लिहायचं ते असं: माणसं १, आधीची बायोप्सी आहे, तुलनेला दुसरं कुणी नाही. दाखवलं: निरोगी जठरात जिवाणू गेला की तीव्र सूज येऊ शकते. दाखवलं नाही: अल्सर, दीर्घकाळची लागण, अँटिबायोटिकनं बरं होणं.

शेवटच्या रकान्यात न्यूझीलंड लिहा. तिथे आर्थर मॉरिस यांनी हाच प्रयोग स्वतःवर केला, १९८७ मध्ये तो निकोल्सन यांच्यासह छापला, आणि त्यांची लागण मात्र मिटली नाही. ती वर्षानुवर्षं टिकून राहिली. दीर्घकाळच्या लागणीचा पुरावा म्हणून हा निबंध जास्त वजनाचा आहे, प्रसिद्धी मात्र पहिल्याला मिळाली.

फसलेले प्रयोगही नोंदवा. मार्शल यांनी आधी डुकराच्या पिलांना लागण करून पाहिली होती, ती झाली नाही. १९८७ मध्ये क्राकोव्का आणि सहकाऱ्यांना ती जमली, कारण त्यांनी जन्मापासून जंतुविरहित वाढवलेली पिलं घेतली.

१९८८: इथे घाई नको

अल्सरच्या उपचारांबद्दलचा मार्शल यांचा सर्वांत वजनदार निबंध म्हणजे डिसेंबर १९८८ ची 'लॅन्सेट'मधली चाचणी. ड्युओडेनल अल्सर आणि जिवाणू दोन्ही असलेले १०० रुग्ण. आठ आठवडे सिमेटिडिन (ॲसिड कमी करणारी गोळी) किंवा बिस्मथ, आणि पहिले दहा दिवस सोबत टिनिडाझोल हे अँटिबायोटिक किंवा प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी), म्हणजे चार गट. दुर्बीण, बायोप्सी आणि कल्चर सुरुवातीला, मग १०, २२, ३४ आणि ६२ व्या आठवड्यात.

जिवाणू गेला तो असा: नुसत्या सिमेटिडिनवर एकाचाही नाही, सिमेटिडिन-टिनिडाझोलवर ५ टक्क्यांचा, बिस्मथ-प्लासिबोवर २७ टक्क्यांचा, बिस्मथ-टिनिडाझोलवर ७० टक्क्यांचा. जिवाणू टिकला तिथे ६१ टक्के अल्सर भरले आणि ८४ टक्के परत आले. जिवाणू गेला तिथे ९२ टक्के भरले आणि वर्षभरात २१ टक्केच परतले.

८४ विरुद्ध २१ हा आकडा सगळीकडे उद्धृत होतो. पण चिठ्ठ्या टाकून जे चार गट पाडले, त्यांच्यातली ही तुलना नाही. 'जिवाणू गेला' आणि 'राहिला' असे गट उपचारानंतर पाडलेले आहेत. ज्यांचा जिवाणू गेला ते कदाचित गोळ्या जास्त नेमानं घेणारे असतील, सिगारेट कमी ओढणारे असतील. फरक इतका प्रचंड आहे की त्यानं निष्कर्ष उलटत नाही, तरी रकान्यात 'यादृच्छिक गटांची तुलना नव्हे' हे शब्द हवेतच.

दुसरी गोष्ट आंधळेपणाची. मथळ्यात 'डबल-ब्लाइंड' आहे, म्हणजे कुणाला कोणतं औषध हे रुग्णालाही आणि डॉक्टरलाही ठाऊक नाही, पण बिस्मथनं शौच काळी होते. सिमेटिडिनवाल्याची होत नाही. रुग्णाला अंदाज येण्यासारखी ही गोष्ट आहे. टिनिडाझोल की प्लासिबो, हा भाग खरा झाकलेला राहू शकतो. बिस्मथच्या कुठल्याही चाचणीत ही अडचण असते आणि बहुतेक वाचक ती विसरतात.

तिसरी, तपासणीची वेळ. आठ आठवडे औषध आणि दहाव्या आठवड्यात पहिली तपासणी, म्हणजे औषध संपल्यावर दोनच आठवड्यांनी. आज अँटिबायोटिक किंवा बिस्मथ थांबल्यावर किमान चार आठवडे थांबून तपासतात, कारण तोवर जिवाणू मेलेला नसून नुसता दबलेला असू शकतो. ॲसिडिटीच्या गोळ्याही तपासणीआधी दोन आठवडे बंद ठेवतात. मग दहाव्या आठवड्याचे निकाल बाद धरायचे का? नाही, कारण २२, ३४ आणि ६२ व्या आठवड्यात पुन्हा दुर्बीण आहे. दबलेला जिवाणू तोवर वर आला असता. पण ज्या निबंधात पाठपुरावा दुसऱ्या आठवड्यावर संपतो, तिथले 'निर्मूलन' टक्के फुगलेले समजा.

डब्लिनच्या गटाची पुनरावृत्ती १९८७ मध्येच, म्हणजे याच्या आधी छापली गेली. पण वर म्हटलेली गटांची उणीव भरून निघते ती व्हिएन्नाच्या हेन्टशेल आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या चाचणीत. रुग्ण १०४. सर्वांना रॅनिटिडिन ही ॲसिड कमी करणारी गोळी, त्यातल्या निम्म्यांना सोबत १२ दिवस अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल, उरलेल्यांना प्लासिबो. बिस्मथ नाही, म्हणून काळ्या शौचेची खूण नाही. अँटिबायोटिक गटात ८९ टक्क्यांचा जिवाणू गेला, प्लासिबोत २ टक्क्यांचा. वर्षभरात अल्सर परतले ते ८ टक्के विरुद्ध ८६ टक्के. ही चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांतली तुलना आहे. जिवाणू घालवला की अल्सर परत येत नाही, या विधानाला एकच आधार द्यायचा झाला तर हा द्या, १९८८ चा नको.

दुसऱ्यांचं श्रेय दुसऱ्यांना

मार्शल यांच्या नावावर नसलेल्या गोष्टी लोक सर्रास त्यांच्या खात्यात टाकतात. जठराच्या कर्करोगाशी संबंध हे त्यातलं मोठं उदाहरण. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं या जिवाणूला पहिल्या गटातलं कर्करोगकारक ठरवलं, ते पुष्कळ गटांच्या साथरोगशास्त्रीय कामावर. सर्वांत सोपा आकडा जपानच्या उएमुरा यांचा, २००१: १५२६ रुग्ण, सरासरी ७.८ वर्षं पाठपुरावा. लागण असलेल्या १२४६ जणांपैकी ३६ जणांना कर्करोग झाला, लागण नसलेल्या २८० जणांत एकालाही नाही. याचीच दुसरी बाजू, म्हणजे लागण असलेल्यांपैकी सुमारे ९७ टक्क्यांना तेवढ्या काळात कर्करोग झाला नाही, हेही त्याच ओळीत लिहा. श्वासातून जिवाणू ओळखायची कार्बन-१३ चाचणी ह्यूस्टनच्या ग्रॅहम यांची, १९८७. मार्शल आणि सर्व्हेयर यांची १९८८ ची चाचणी कार्बन-१४ वर आहे.

युरिएजची झटपट चाचणी मार्शल यांनी बाजारात येण्याजोगी केली. बायोप्सीचा तुकडा युरिया घातलेल्या जेलमध्ये ठेवायचा, जिवाणू युरिया फोडून अमोनिया करतो आणि पिवळं जेल गुलाबी-लालसर होतं. शोधकानंच स्वतःच्या चाचणीची अचूकता छापलेली असेल तर तो आकडा वेगळ्या रंगात ठेवा आणि आर्थिक हितसंबंधांचा परिच्छेद वाचा. १९८० च्या दशकातल्या निबंधांत तो परिच्छेद बहुधा नसतो, तेव्हा निधी कुणाचा हे आभाराच्या ओळींत सापडतं. स्वतंत्र प्रयोगशाळेनं काढलेला आकडा मिळाला की तोच वापरा.

यादी पूर्ण झाली की प्रत्येक निबंधाचं पान पुन्हा उघडून 'मागे घेतला' किंवा 'दुरुस्ती' अशी पट्टी आहे का बघा. पीडीएफ जुनी उतरवलेली असेल तर ती पट्टी त्यात नसते.

भारतातले निबंध शेजारी लावताना

१९८८ किंवा १९९३ चे निर्मूलनाचे टक्के इथल्या रुग्णांवर तसेच चिकटवू नयेत. टिनिडाझोल आणि मेट्रोनिडाझोल एकाच कुळातली. जुलाबासाठी ती आपल्याकडे वर्षानुवर्षं सढळ हातानं दिली गेली, आणि भारतातल्या जिवाणूंत मेट्रोनिडाझोलला दाद न देण्याचं प्रमाण खूप मोठं आहे. म्हणून भारतीय निबंधात उपचाराआधी संवेदनशीलता तपासली होती का, यासाठी एक जादा रकाना करा. या जुन्या चाचण्यांतल्या गोळ्या पाहून औषध ठरवणं तर सोडूनच द्या. आजचा उपचार साधारण १४ दिवसांचा, तीन-चार औषधांचा असतो आणि तो डॉक्टरांनीच लिहायचा.

आणि लागणीची टक्केवारी लावताना रक्तातल्या अँटिबॉडीवरचे आकडे एका रकान्यात, श्वास किंवा शौचातल्या अँटिजेन चाचणीवरचे दुसऱ्या रकान्यात ठेवा. जिवाणू गेल्यानंतरही अँटिबॉडी महिनोन् महिने, कधी वर्षंही रक्तात राहते. त्यामुळे पहिल्या रकान्यात जुनी लागण होऊन गेलेले लोकही मोजले जातात, दुसऱ्यात फक्त आज लागण असलेले. दोन्ही एकाच आलेखावर टाकले की लागण दहा वर्षांत घटल्याचा भास होतो, आणि प्रत्यक्षात बदललेली असते ती नुसती चाचणी.